शिरेत गाठ हाय, सायेब

रुग्णाचे नाव : तहसीलदार. जात : गावठी. वय : अंदाजे नऊ. तक्रार : पुढच्या डाव्या पायानं लंगडतात.

'लंगडतात' हे आदरार्थी बहुवचन माझं. सरकारी केसपेपरवर कुत्र्याला अहोजाहो करणारा मी राज्यातला पहिला पशुवैद्य असेन. तो केसपेपर अजून माझ्याजवळ आहे. खरं तर तो दवाखान्यात असायला हवा होता. बदलीच्या वेळी तो माझ्या सामानात कसा आला हे मला चांगलं ठाऊक आहे, मी आणला. त्यावर निदानाच्या रकान्यात माझ्या सुवाच्य अक्षरात 'संधिवात' असं लिहिलंय आणि खाली माझी लफ्फेदार सही आहे. निदान साफ चुकलेलं. बरोबर निदान त्याच दिवशी, टेबलाच्या पलीकडून, एका सातवी पास माणसानं तोंडी सांगितलं होतं. तोंडी सांगितलेल्याला रकाना नसतो.

त्या माणसाचं नाव पुंडलिक वाकोडे. सगळे त्यांना वाकोडेमामा म्हणायचे. आमचा दवाखाना मोताळा तालुक्यात, धामणगाव बढ्याच्या अलीकडे. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोक अजून मला ओळखतात आणि जनावरांच्या बाबतीत त्यांची स्मरणशक्ती फार चांगली आहे. मंजूर पदं पाच, भरलेली दोन. एक मी, डॉक्टर. दुसरे मामा, पट्टीबंधक. पट्टीबंधक म्हणजे कागदावर जखमेला पट्टी बांधणारा माणूस. प्रत्यक्षात मामा जनावर आडवं पाडायचे, खोड्यात म्हणजे जनावर अडकवायच्या चौकटीत घालायचे, धरायचे, अवजारं उकळायचे, आवार झाडायचे, रजिस्टर भरायचे आणि मी चुकलो की खोकायचे.

तो खोकला ओळखायला मला वर्ष लागलं.

मामा अंगानं काटकुळे, मान थोडी पुढे आलेली, शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. खुर्चीवर कधी बसत नसत. पत्र्याची बादली उपडी घालून तिच्यावर बसत. मी खुर्ची पुढे केली तर म्हणत, "खुर्चीवर बसलं का उठू वाटत नाई, सायेब. बादली बरी, टोचत राह्यते." थकलोय असं ते कधी म्हणाले नाहीत. त्याऐवजी त्यांच्याकडे एक शब्द होता, 'चालते'. कसं काय मामा? चालते. लस आली नाही? चालते. उन्हाळ्यात पंखा बंद पडला, चालते. वरून पत्र आलं की प्रत्येक गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर मोबाईलवर भरा, आणि गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं की येते, तरी चालते. एकोणतीस वर्षांचा शीण त्यांनी त्या तीन अक्षरांत घडी घालून ठेवला होता. मी चार वर्षांतच त्याच जागी मोठमोठ्यानं सुस्कारे टाकायला लागलो होतो. 

आणि मामांचे हात. जनावर आलं की मामा आधी बोलत नसत, बघतही नसत. हात ठेवत, डोळे मिटत, हनुवटी वर करत आणि थांबत. आपण काही विचारलं की हळू आवाजात म्हणत, "थांबा सायेब, हात आयकून राह्यला."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते रुजू झाल्याच्या चौथ्या दिवशी. मी पुण्याकडचा, वऱ्हाडी कानाला नवी. एका शेतकऱ्याचं दांडगं कुत्रं आलं होतं, कान फाटलेला. मामांनी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाले, "थांबा सायेब, हात आयकून राह्यला." 'हात ऐकतोय' असं ते म्हणत होते, हे मला कळलं नाही. वाटलं, 'आणून राहिलो' वगैरे काहीतरी म्हणतायत, म्हणजे कात्री आणतो आहेत. मी तत्परतेनं पुढे झालो आणि कान धरला. कुत्र्यानं माझा अंगठा धरला.

मामांनी शांतपणे त्याचा जबडा उघडून माझा अंगठा मला परत केला. जखम साबणानं धुतली, आणि पट्टी बांधायला घेतली तेव्हा म्हणाले, "कुत्रं तुमाले नाई चावलं, सायेब. तुमच्या घाईले चावलं."

आरोग्य केंद्रात रेबीजची सुई घ्यायला गेलो. तिथल्या सिस्टरनं कागद भरताना माझा व्यवसाय विचारला आणि मग पेन खाली ठेवलं. "तुमी जनावराईचेच डॉक्टर ना? मंग तिकडंच काऊन नाई टोचून घेतलं?" पुढच्या सुयांना मी मोटारसायकल लांब लावून मागच्या दारानं जायचो.

तहसीलदार मामांचा. पण राहायचा दवाखान्यात. माझ्या येण्याआधी कुणीतरी औषधाच्या खोक्यात घालून फाटकाशी ठेवलेलं पिल्लू. नाव मामांनीच ठेवलं, कारण विचारलं तर सांगत, "दुपारपर्यंत उठे नाई. समोर कितीबी गर्दी होऊ द्या, हा डोया उघडून पाहे अन् पुन्ना झोपे. मंग दुसरं काय नाव ठेवता?"

या नावानं एकदा माझी नोकरी जायची वेळ आली. गारपिटीत मेलेल्या बकऱ्यांचे पंचनामे चालू होते आणि खरे तहसीलदार येणार होते. त्यांच्या कार्यालयातून फोन आला, मी आडव्या पडलेल्या गायीत हात घालून बसलो होतो म्हणून मामांनी उचलला. "तशिलदार ना? हाव, इथंच हायेत. खोड्याखाली झोपले. सकाऊनपासून काई खाल्लं नाई, पोट बिघडलं वाट्टे." मामांनी फोन ठेवला आणि वळले, तर दारात खरे तहसीलदार उभे. धुळीनं माखलेले, सकाळपासून सहा गावं फिरून आलेले. मी उठून उभा राहिलो, हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले, त्या अवस्थेत नमस्कार करायला गेलो. साहेब माझ्याकडे न बघता खोड्यापाशी गेले, वाकून कुत्र्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "नशीबवान आहे. याची बदली होत नाही."

मग मामांच्या बादलीवर बसून त्यांनी चहा घेतला.

आमच्याकडे लंगडणाऱ्या जनावराला डाग देण्याची रीत आहे. विळा किंवा सळई लाल करायची आणि दुखऱ्या जागी टेकवायची. एकदा एक जण खांद्यावर तीन डाग दिलेलं कुत्रं घेऊन आला. मी त्याला अज्ञान, क्रौर्य आणि कायदा अशा तिन्ही अंगांनी झोडपलं. मामा खोकले. मी थांबलो. मामांनी त्या माणसासमोर आपला शर्ट वर केला. पोटावर बेंबीच्या बाजूला लहानपणी काविळीवर दिलेले दोन जुने डाग होते.

"बरं वाटलं होतं काय मामा तुमाले?" त्या माणसानं विचारलं.

"चूप बसलो होतो," मामा म्हणाले. "दुखण्याले दुसरं दुखणं देलं का पयलं चूप बसते. बरं नाई होत बापा. चूप बसते. आण त्याले इकडं, मलम लावू."

हे वाक्य मी तेव्हा डायरीत लिहून ठेवलं. माणूस डायरीत लिहून ठेवतो म्हणजे पुन्हा त्याचा विचार करायचा नाही असं ठरवतो.

संक्रांतीनंतर तहसीलदार लंगडायला लागला. सुरुवातीला इतकं थोडं की चालताना मान किंचित वरखाली व्हायची. मामांनी त्याला टेबलावर घेतलं, डाव्या काखेत हात घातला, डोळे मिटले, हनुवटी वर केली. मी केसपेपर लिहायला घेतला होता. नऊ वर्षांचं कुत्रं, थंडीचे दिवस, लंगडतंय. पुस्तकात याचं पहिलं उत्तर संधिवात आणि माझं पुस्तक नेहमी पहिल्या पानावरच उघडायचं.

"शिरेत गाठ हाय, सायेब," मामा म्हणाले.

आता मी काय करायला हवं होतं? टेबलाला वळसा घालून त्या काखेत माझा हात घालायला हवा होता. दोन पावलं. त्याऐवजी मी खडू घेतला. लसीकरणाच्या वेळापत्रकाचा फळा पुसला आणि त्यावर एक लांबट नळी काढली. "मामा, शीर म्हणजे रक्तवाहिनी. शिरेत रक्त असतं. तिथे गाठ झाली तर रक्त अडणार, पाय सुजणार. याचा पाय सुजलाय का?"

"नाई."

"मग शिरेत गाठ असेल का?"

मामांनी फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हाव," म्हणाले आणि खडूची भुकटी पुसायला फडकं आणायला गेले.

त्या 'हाव'चा अर्थ 'तुमचं बरोबर' असा नसून 'तुमचं ऐकलं' असा होतो, हे मला फार पुढे कळलं. आणि त्या भागात अंगात दोरीसारखं जे जे धावतं त्या सगळ्याला शीरच म्हणतात, हेही. रक्ताची शीर, ताणाची शीर, आणि जिच्यातून दुखणं धावतं ती शीर. माझ्याकडे तिघींना तीन वेगळी नावं होती आणि हात एकीवरही नव्हता.

मी दुखण्याच्या गोळ्या लिहिल्या. तहसीलदार चार दिवस बरा चालला. मी मामांकडे विजयी नजरेनं बघितलं. गोळ्या संपल्या, लंगडणं परत आलं. पुन्हा गोळ्या.

मार्चच्या एका दुपारी मामा बादलीवर बसले होते आणि तहसीलदार समोर पसरला होता. मामा म्हणाले, "सायेब, हे पाहा. माशी उजव्या अंगावर बसली का कातडं थरथरते. डाव्या अंगावर बसली का हालतच नाई. माशी मजेत बसून राह्यते."

मी पाहिलं. खरंच तसं होतं. मी गोचीड-माशीचं औषध दिलं.

एप्रिलमध्ये मामा म्हणाले, "डाव्या डोयाची बाहुली बारीक झाली. उन्हात बारीक, सावलीतबी बारीक. अन् आतलं पांढरं कातडं वर आलं." मी डोळ्यात घालायचे थेंब दिले. दिवसातून तीनदा.

तोवर खांद्यावरचं मांस उतरून हाड वर आलं होतं. चालताना पंजा उलटा पडायचा, नखं घासून रक्त यायचं. मी मलकापूरच्या एका ओळखीच्या एक्स-रेवाल्याकडे माणसांची गर्दी ओसरल्यावर त्याला नेलं. फिल्मच्या पाकिटावर त्यानं सवयीनं 'श्री. तहसीलदार, वय ९, पुरुष' असं लिहिलं. हाडं स्वच्छ होती. हाडं स्वच्छ असणारच, कारण दुखणं हाडात नव्हतं. पण मी फिल्म उजेडात धरून मामांना म्हणालो, "बघा, काही नाही. म्हणजे मुका मार असेल."

मामा फिल्म बघत नव्हते. तहसीलदारकडे बघत होते. तो जमिनीवर बसायला जागा शोधत गोल गोल फिरत होता आणि बसत नव्हता. मे महिन्याचं ऊन, तापलेली फरशी, आणि कुठल्याच कुशीवर त्याला टेकता येत नव्हतं.

"सायेब," मामा म्हणाले, "रागावणार नसान तं एक बोलू?"

"बोला."

"तुमची गोयी डागासारखी हाय."

मामांनी कुत्र्याला उचलून टेबलावर ठेवलं. "तुमचा हात द्या इकडं."

त्यांनी माझं मनगट धरलं, माझी बोटं काखेत खोल नेली आणि सोडली नाहीत. "घाई नका करू. आयकू द्या त्याले."

पहिल्यांदा काही लागलं नाही. मग बरगडी आणि खांद्याच्या मधे, आत, एक लिंबाएवढी घट्ट गाठ लागली. मी जरा दाबलं. आयुष्यात कधी न ओरडलेला तो आळशी कुत्रा असा किंचाळला की फाटकाशी उभी असलेली गाय दावं तोडून पळाली. माझ्या मनगटावर त्यानं दात ठेवले. नुसते ठेवले, चावला नाही.

"संक्रांतीले चिंचोक्याएवढी होती," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गावातल्याच एका गाडीवाल्याला घेऊन आम्ही अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. मागच्या सीटवर मामा, त्यांच्या मांडीवर तहसीलदार, आणि पुढे गाडीवाल्याशेजारी मी.

तिथं शस्त्रक्रिया करणाऱ्या मॅडम होत्या, मध्यमवयीन, झोप न झालेल्या डोळ्यांच्या. त्यांनी चिमट्यानं तहसीलदारची पाठ दोन्ही बाजूंनी चिमटत आणली. उजवीकडे कातडं थरथरलं, डावीकडे नाही. त्यांनी बॅटरीनं डोळ्याची बाहुली पाहिली. मग काखेत हात घातला. सगळं मिळून तीन मिनिटं. माझे पाच महिने.

मग त्यांनी मामांना समजेल अशा भाषेत सांगितलं. मानेच्या खालून कण्यातून मज्जातंतू निघतात, काखेत त्यांची जुडी होते आणि ती पायात उतरते. त्या तंतूच्या वेष्टनाची ही गाठ. ती फारशी लांब उडी मारत नाही, पण तंतूला धरून वर वर सरकते, कण्याकडे. डोळ्याचे आणि कातड्याचे तंतू तिथूनच जातात, म्हणून बाहुली बारीक, म्हणून माशी बसली तरी कळत नाही. कण्यात किती शिरली ते पाहायचं तर मोठं स्कॅन पुण्यामुंबईकडे. इथे करता येण्यासारखं एकच, पाय खांद्यापासून काढायचा आणि तंतू जितके वर कापता येतील तितके कापायचे. गाठ खालीच असती तर बरा झाला असता. आता दुखणं थांबेल. पुढचं सांगता येत नाही.

मामा आणि बाजूला उभा असलेला गाडीवाला ऐकत होते. मी खालची फरशी बघत होतो.

"इतके महिने कुठे होता तुम्ही?" मॅडमनी विचारलं. "पहिल्या दिवशी कुणी काखेत हात घालून पाहिलं नाही?"

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं.

"सायेबांनी पयल्याच दिवशी सांगतलं होतं, म्याडम," मामा म्हणाले. "शिरेत गाठ हाय म्हणून. मीच आणलं नाई. लसीकरण होतं, रजा भेटत नाई. राह्यलं."

मॅडमनी मामांना फैलावर घेतलं. दवाखान्यात नोकरी करता आणि स्वतःच्या कुत्र्याचे हे हाल? मुकं जनावर, आणि तुम्हाला रजा मिळत नव्हती? मामा मान खाली घालून उभे होते, मधूनमधून 'हाव, हाव' म्हणत. मग त्या माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर, खेड्यात काही साधन नसताना नुसत्या हातानं पहिल्याच दिवशी ओळखणं सोपं नाही. शाबास."

मी 'थँक्यू' म्हणालो.

अंगठा चावून घेतला, माशीचं औषध दिलं, निरोगी डोळ्यात पाच आठवडे थेंब घातले, हे सगळं मी मित्रांच्या बैठकीत रंगवून सांगतो आणि लोक हसतात. हा 'थँक्यू' मी कधी सांगितलेला नाही.

पाय काढला. चौथ्या दिवशी तहसीलदार तीन पायांवर उभा राहिला, दहाव्या दिवशी दवाखान्याच्या आवारात मांजरीमागे धावला आणि वळणावर तोंडावर आपटला. गावानं त्याला लगेच पदावनत केलं. "काय बे, नायब तशिलदार?" येणारा जाणारा म्हणायचा. तो शेपूट हलवायचा. मुख्य म्हणजे तो झोपला. पाच महिन्यांत पहिल्यांदा कुशीवर पडून, दुपारपर्यंत.

गाठीचा तपासणीचा अहवाल पंधरा दिवसांनी आला. मॅडमचं निदान बरोबर होतं. शेवटी एक ओळ होती, तंतूच्या वरच्या कापलेल्या टोकाशी गाठीच्या पेशी दिसतात. म्हणजे ती आमच्या आधी वर गेली होती. मी ती ओळ मराठीत करून मामांना सांगितली. ते आवार झाडत होते. झाडू न थांबवता म्हणाले, "चालते."

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं, पण घाई माझी जुनी. विचारलं, "मामा, अकोल्याला खोटं कशाला बोललात?"

मामांनी झाडू भिंतीला टेकवला, बादली उपडी घातली, बसले. "सायेब, माझं चुकलं तं मामाचं चुकलं, कोणाले काय त्याचं? गाडीवाला आपल्या गावचाच होता, बाजूले उभा होता. तुमचं चुकलं असं त्यानं आयकलं असतं तं आठ दिवसात गाव पुन्ना विळे तापवते. मले रिटायर व्हाले दोन वरीस राह्यले. इतक्या वर्साचं झाडलेलं आवार हाय हे."

मी म्हणालो, "मला तेव्हा बोलायचं होतं."

मामा उठले, झाडू घेतला. "बोलाचं असतं तं बोलले असते," म्हणाले, आणि झाडायला लागले. रागानं नाही. हवामान सांगावं तसं.

हिवाळ्यात तहसीलदार मागचे पाय ओढायला लागला. गाठ कण्यात पोचली होती. मॅडमना फोन केला, त्यांनी जे सांगितलं ते मला माहीतच होतं. मामा आठवडाभर त्याला गोणपाटाच्या पट्ट्यावर उचलून फिरवत होते. पट्टीबंधकाच्या आयुष्यातली ती सगळ्यात सुबक पट्टी होती, पोटाखालून घेतलेली, कुठे न काचणारी. मग एका दुपारी, दोन वाजता, दवाखाना रिकामा असताना त्याला टेबलावर ठेवून म्हणाले, "आता करा, सायेब. दुसऱ्याले नका बलावू. तुमीच करा."

शेवटची सुई पुढच्या पायाच्या शिरेत देतात. त्याला पुढचा एकच पाय होता. मी केस कापले, स्पिरिट लावलं आणि शीर शोधायला लागलो. सापडेना. हजारो वेळा केलेलं काम, पण डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं. मी एकदा टोचली, चुकली. तहसीलदारनं मान वर करून माझ्याकडे बघितलं, पुन्हा खाली ठेवली.

मामा त्याचं डोकं छातीशी धरून होते. त्यांनी एक हात मोकळा केला, कोपराच्या वर अंगठ्यानं दाबलं. कातड्याखाली शीर टरारून वर आली.

"ही, सायेब," ते म्हणाले. "ही रक्ताची. ही तुमची."

सुई गेली. मामांचा हात त्याच्या बरगडीवर होता, डोळे मिटलेले, हनुवटी वर. मी विचारलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांनीच हात काढला.

त्यांचं घर निळ्या झेंड्याच्या चौकात होतं, मागे थोडी मोकळी जागा. तिथं खड्डा खणला. मी दोनचार कुदळी मारल्या आणि हाताला फोड आले. मामांनी माझ्या हातून कुदळ घेतली. परत आल्यावर त्यांनी केसपेपरच्या शेवटच्या रकान्यात 'मृत' लिहिलं, तारीख घातली. वरच्या 'संधिवात'वर त्यांची नजर गेली असणार. त्यांनी ते तसंच ठेवलं. मी पुढे कधीतरी पेन घेऊन बसलो होतो, पण खोडायला हात धजेना.

मामा निवृत्त झाले. शाल, नारळ, माझं लांबलेलं भाषण. भाषणात मी खरं सांगायचं ठरवलं होतं आणि ऐनवेळी त्यांच्या वक्तशीरपणावर बोललो. मामा खोकले. नंतर वर्षभरात माझी बदली मेहकरकडे झाली.

आता डोणगावच्या बाजूला फिरतीवर असतो. मामांची जागा तिथं रिकामीच आहे, तशी इथलीही. लंगडं कुत्रं आलं की मी पेन खाली ठेवून आधी काखेत हात घालतो. बहुतेक वेळा काही नसतं. काटा असतो, मुरगळ असते. एकदा चिंचोक्याएवढी लागली. ते कुत्रं तीन पायांवर अजून शेत राखतं. मालक मला भला डॉक्टर म्हणतो. मी 'थँक्यू' म्हणत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाला मलकापूरला निघालो होतो. बस धामणगाव बढ्याला थांबली. बाजाराचा दिवस, उकाडा, चढणारे उतरणाऱ्यांना ढकलतायत. खिडकीतून पाहिलं तर रसवंतीच्या सावलीत मामा. अजून वाळलेले, बाह्या तशाच कोपराच्या वर. समोर एक कांदेवाली बाई आणि तिचं पिवळं कुत्रं. मामा जमिनीवर उकिडवे बसले होते, हात कुत्र्याच्या काखेत, डोळे मिटलेले. बाई काहीतरी विचारत होती आणि ते उत्तर देत नव्हते.

मी काच सरकवली. कंडक्टर दार आपटत ओरडला, "चला, चला." दोन पावलांवर माणूस, आणि मला सांगायचं होतं ते इतक्या वर्षांत एका वाक्याएवढंच झालं होतं. हाक मारायला तोंड उघडलं.

मामांची हनुवटी वर गेली.

मी तोंड मिटलं. हात ऐकत होता.

बस निघाली.